शाळेबाहेरचं वाचन : जे कुठल्याच रकान्यात बसत नाही ते

निम्मं_पान :

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

तर झालंय असं की आम्हाला शाळेतून अवांतर वाचनाचा एक तक्ता भरायला दिलाय. रकाने चार. पुस्तकाचे नाव, लेखक, पृष्ठसंख्या, आवडलेला विचार. पुस्तकं मी वाचते, नाही असं नाही, पण भरायला बसले आणि डोक्यात आलं की दिवसभर मी जे वाचत असते त्यातलं बरंचसं या चार रकान्यांत कुठेच जात नाही. शांपूच्या बाटलीमागचा मजकूर. गेम अपडेट झाला की काय काय बदललं त्याची लांबलचक यादी येते, ती मी अक्षरन् अक्षर वाचते, पण तिला लेखकच नाही. सबटायटल्स. कुठलाही फॉर्म भरताना तळाची बारीक अक्षरं. व्हिडिओ न बघता नुसत्या खालच्या कमेंट्स (हे मी एकटीच करत नसणार). यातला आवडलेला विचार काय लिहू? 'डोळ्यात गेल्यास भरपूर पाण्याने धुवावे' हा विचार मला मनापासून पटलेला आहे, पण तो लिहिला तर पालकांना बोलावतील.

घरी बोलले तर उत्तर आलं की ते काय वाचन आहे का, ते आपलं नजरेखालून जातं. पण नजरेखालून नुसतं जातच नाही ना. एकदा वाचता यायला लागलं की न वाचणं आपल्या हातात राहत नाही. जॉन रिडली स्ट्रूप नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा १९३५ चा प्रयोग आहे, 'लाल' हा शब्द निळ्या शाईत छापायचा आणि समोरच्याला शाईचा रंग सांगायला लावायचा. माणूस अडखळतो, वेळ घेतो, कारण रंग सांगायच्या आधीच शब्द वाचून झालेला असतो. करून बघा घरी, मजा येते.

आता आजीच्या गोळ्यांचं सांगते. गोळ्या बदलून मिळाल्या तेव्हा खोक्यातली ती घडी घातलेली चिठ्ठी तिनं माझ्याकडे दिली, म्हणाली वाच, मला एवढं बारीक दिसत नाही. उलगडत गेले तर संपेचना. दुष्परिणामांची यादी वाचूनच मला चक्कर यायला लागली, आणि यादीत चक्करही होतीच. पुन्हा वाचताना दिसलं की ती सरसकट यादी नाहीये, तिला पायऱ्या आहेत. 'अतिशय सामान्य' म्हणजे १० जणांत १ पेक्षा जास्त लोकांना होणारे. 'सामान्य' म्हणजे १०० जणांत १ ते १०. 'क्वचित' म्हणजे १०,००० जणांत १ ते १०. आणि ज्या ज्या गोष्टींनी मी घाबरले होते त्या सगळ्या शेवटच्या पायरीवर होत्या, वरच्या पायऱ्यांवर डोकेदुखी, मळमळ असलं किरकोळ. आजीला हे नीट समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते सगळं खरं गं, पण मग घेऊ का नको?"

हा प्रश्न मला शाळेत कोणी कधी विचारलेला नाही. शाळेत उताऱ्याखाली प्रश्न असतात आणि प्रत्येकाचं उत्तर उताऱ्यात असतंच, नसलं तर पेपर चुकला म्हणून सगळ्यांना फुकट मार्क. इथे उत्तर चिठ्ठीत नव्हतंच. चिठ्ठीत एवढंच होतं की अमुक प्रकारची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना सांगा, आणि आजीची रक्तदाबाची गोळी त्या अमुकमधे मोडत होती. मग फोन करून विचारलं, त्यांनी दोन्ही गोळ्यांच्या वेळा वेगळ्या करून दिल्या. म्हणजे मी वाचून उत्तर नाही शोधलं, कोणाला काय विचारायचं ते शोधलं. याला किती मार्क?

अजून एक, पाकिटावरची घटकांची यादी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायचे असा बहुतेक देशांत नियम आहे, सगळ्यात जास्त असेल ते सगळ्यात आधी. मी एकदा असंच वाचत बसले होते तर साखर तिसऱ्या नंबरवर, मला वाटलं बरं आहे की. मग खाली ग्लुकोज सिरप, त्याच्या खाली डेक्स्ट्रोज, त्याच्याही खाली इनव्हर्ट सिरप. सगळी साखरेचीच भावंडं. चौघांची बेरीज केली तर पहिला नंबर कोणाचा आला असता ते पाकीट सांगत नाही. यात खोटं एक अक्षर नाहीये हे मला सगळ्यात भारी वाटलं. धड्यात लेखक माझ्यापासून काही लपवत नसतो, त्याला माझ्याकडून काही नको असतं. बाहेर जे लिहिलेलं असतं त्यातल्या बहुतेक लिहिणाऱ्यांना माझ्याकडून काहीतरी हवं असतं, नाहीतर उद्या काही झालं तर आम्ही सांगितलं होतं असं म्हणायची सोय हवी असते. त्यामुळे काय लिहिलंय याच्यापेक्षा काय लिहिलेलं नाही तिकडे बघावं लागतं, आणि ते कोणी शिकवलेलं नाही, ते असंच बाटल्या खोकी वाचून वाचून यायला लागलं.

तुमचं असलं वाचन कोणतं ते सांगा. आणि तक्त्यात काय लिहू तेही.

कोपरकाडी :

झकास धागा. +१

आमच्याकडे जेवताना पुस्तक नको असा दंडक होता, त्यामुळे समोर जो डबा असेल तो वाचायचा. झाकण घट्ट लावून कोरड्या व थंड जागी ठेवावे. आजही कोणी 'कोरड्या' म्हटलं की मी मनात 'व थंड जागी' म्हणतो.

शंकासुर :

मग उद्या पाट्या वाचत जाणारा प्रत्येक माणूस वाचक झाला की हो. ग्रंथालयं बंद करून टाका, बाटल्या ठेवा. (दिवे घ्या)

तळटीप :

निम्मं_पान, धागा आवडला आणि तुझ्या नावासारखा निम्मा पटला. मी भाषा शिकवतो, म्हणजे असले तक्ते काढणाऱ्या जमातीतलाच, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

आधी पटलेलं. ज्याला तू वाचन म्हणतेस ते खरंच वाचन मानलं जातं. १५ वर्षांच्या मुलांची पिसा नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी २००० पासून घेतात, तिच्यात पहिल्या खेपेपासून सलग मजकुराबरोबर तक्ते, नकाशे, फॉर्म, आलेख हेही वाचनाचेच प्रश्न म्हणून आहेत. चाड सरोवराची पातळी हजारो वर्षांत कशी खालीवर झाली त्याचा आलेख होता एका प्रश्नात, आणि तो गणितात नव्हता, वाचनात होता. तेव्हा तुझी चिठ्ठी आणि तुझं पाकीट दोन्ही मंजूर.

आता न पटलेलं. या सगळ्या वाचनात एक गोष्ट कधीच लागत नाही, धीर. पाकिटावरच्या शेवटच्या ओळीला पहिली ओळ आठवत असावी लागते, बस. कादंबरीत चाळीस पानांमागे कोणीतरी दार उघडं ठेवून गेलेलं असतं आणि ते तुला आत्ता आठवायला लागतं, नाहीतर पुढचं कळतच नाही. तो स्नायू तुकडे वाचून येत नाही. अमेरिकेत १९८८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, पाचवीतल्या १५५ मुलांना शाळेबाहेरच्या वेळात काय काय केलं याची रोजची नोंद ठेवायला लावली होती. कॉमिक्स, पत्रं, वर्तमानपत्रं, मासिकं, पुस्तकं सगळं वेगळं मोजलं. मधल्या मुलाचं पुस्तकवाचन रोजचं ५ मिनिटांच्याही आत निघालं. आणि दुसरीपासून पाचवीपर्यंत वाचनात कोण किती सुधारलं याच्याशी सगळ्यात घट्ट नातं पुस्तकं वाचण्याच्या वेळाचंच दिसलं. म्हणून आम्ही पुस्तकाचा रकाना करतो. बाकीचं तुम्ही आमच्याशिवाय वाचणारच असता.

'आवडलेला विचार' या रकान्याचं समर्थन मात्र मी करणार नाही.

मॅन्युअलवाला :

माझं पोट या वाचनावर चालतं, मी यंत्रांची माहितीपत्रकं लिहितो. म्हणजे जे लोक हात न लावता खोक्यात परत ठेवतात ते.

निम्मं_पान, तू म्हणतेस ना की आम्ही सांगितलं होतं असं म्हणायची सोय, ते शंभर टक्के खरंय आणि आतून सांगतो, पहिली तीन चार पानं मी लिहीतच नाही, ती वकिलांकडून येतात. यंत्र पाण्यात बुडवू नका, वायर ओढून प्लग काढू नका, लहान मुलांपासून दूर ठेवा. यातली प्रत्येक ओळ कोणीतरी कुठेतरी ते केलंय म्हणून आलीय असं आमच्यात म्हणतात. मी लिहितो तो भाग त्याच्यानंतरचा, आणि तो लिहिताना गृहीत धरायचं असतं की वाचणारा वैतागलेला आहे, उभा आहे, एक हात अडकलेला आहे आणि त्याला फक्त पायरी ६ हवीय. म्हणून आमच्याकडे 'वर सांगितल्याप्रमाणे' लिहायला बंदी आहे. वर कोणी वाचलेलंच नसतं.

एक सवय सांगतो, कुठलंही माहितीपत्रक हातात आलं तर शेवटून सुरू करा. 'समस्या आणि उपाय' असा तक्ता असतो तिथे यंत्र नेमकं कुठे कुठे दगा देणार आहे ते कंपनीनं स्वतःच्या हातानं लिहून दिलेलं असतं. जाहिरातीत हे कुठेच सापडणार नाही. अलीकडे पत्रकं ऑनलाइन मिळतात, त्यामुळे मी वस्तू घ्यायच्या आधीच हा तक्ता वाचतो.

घुबड :

वरच्या दोन्ही प्रतिसादांना अनुमोदन. अटी व शर्तींचा विषय अजून कसा निघाला नाही?

२०१० साली १ एप्रिलला एका ब्रिटिश व्हिडिओगेम विक्रेत्यानं आपल्या ऑनलाइन अटींमधे एक कलम टाकलं होतं की खरेदी करणारा आपला आत्मा कंपनीच्या नावे करून देत आहे. नको असेल तर एका ठिकाणी टिचकी मारायची सोय होती. सुमारे ७,५०० लोकांनी आत्मा देऊन टाकला. पण मला लोकांचं चुकलं असं वाटत नाही, कारण २००८ च्या एका अभ्यासात हिशोब केलेला आहे की माणूस वर्षभरात ज्या ज्या वेबसाइटवर जातो त्या सगळ्यांची गोपनीयता धोरणं शब्दन् शब्द वाचायची म्हटली तर वर्षाला २०० तासांहून जास्त लागतील. ते न वाचायलाच लिहिलेलं असतं.

आणि कमेंट्स आधी वाचण्याबद्दल शरमू नकोस. स्टॅनफर्डमधे एक संशोधन झालं होतं, १० इतिहासकार, १० फॅक्टचेकर आणि २५ विद्यार्थी यांना अनोळखी वेबसाइट दाखवल्या आणि विश्वासार्ह आहे का सांगा म्हटलं. इतिहासकार आणि विद्यार्थी त्या पानावरच थांबले, वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत बसले, लोगो छान आहे, संदर्भ दिलेत वगैरे. फॅक्टचेकर मंडळी थोडं बघून लगेच दुसऱ्या टॅबमधे गेली, या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते बघायला. ते कमी वेळात आणि जास्त बरोबर ओळखत होते. म्हणजे शाळेत जे चांगलं वाचन म्हणून शिकवतात, नीट, पूर्ण, बाहेर न बघता, तेच तिथे उपयोगाचं नव्हतं.

अर्थात कमेंट्स वाचणं म्हणजे फॅक्टचेक नव्हे, तिथे सगळे आपल्यासारखेच :)

सहा_ठिपके :

धाग्यात एक वेगळी भर घालतो. मला दिसत नाही. मोबाईलवर स्क्रीनरीडर आणि जिथे मिळेल तिथे ब्रेल.

तुम्ही सगळे ज्याच्याबद्दल लिहिताय, सहज नजर पडली आणि वाचलं, ते माझ्या आयुष्यात नाही. मी जे वाचतो ते मुद्दाम वाचायचं ठरवून वाचतो. बाटली समोर असली तरी ती मला काही सांगत नाही, ती गुळगुळीत असते. लहानपणी एकदा बहिणीनं चेष्टेनं शांपूच्या बाटलीवरचं सगळं वाचून दाखवलं, आणि मला धक्काच बसला की एवढं सगळं लिहिलेलं असतं आणि तुम्ही लोक ते रोज बघून विसरता!

युरोपीय संघात औषधाच्या खोक्यावर औषधाचं नाव ब्रेलमधे छापणं बंधनकारक आहे. असं खोकं एकदा हातात आलं होतं. नाव आणि मात्रा, बस तेवढंच, पण न शोधता बोटाखाली आलेला तो मजकूर होता. तुमच्या त्या नजरेखालून जाण्याची मला तेवढी एक चव मिळालीय.

घटकांची यादी आता मी फोननं फोटो काढून ऐकतो. वाकड्या पाकिटावर ते ॲप चमत्कारिक वाचतं, 'साखर' ऐवजी कायकाय ऐकू येतं. आणि हे ऐकणं म्हणजे वाचन का, असा धागा इथे कोणी काढणार असेल तर कृपया नको, मी थकलोय त्या चर्चेला.

कोपरकाडी :

सहा_ठिपके, _/\_

आत्ता समोरची बाटली उचलून डोळे मिटून चाचपली. खरंच काही नाही.

निम्मं_पान :

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना धन्यवाद. एकेक घेते.

तळटीप सर, धीराचं पटलं. पण थोडं भांडू द्या. तो १९८८ चा अभ्यास म्हणतो पुस्तक वाचणारी मुलं वाचनात पुढे गेली. पण ज्यांना आधीपासूनच चांगलं वाचता येतं तीच जास्त पुस्तकं वाचणार ना, आणि मग अजून चांगलं वाचणार. मग कशामुळे काय झालं? दुसरं म्हणजे, धीर लागत नाही म्हणता, पण गेमच्या अपडेटची यादी कळायला मला मागच्या अपडेटमधे काय होतं ते आठवावं लागतं, आणि तेही कधीकधी महिन्यांपूर्वीचं. 'अमुक पात्राची ताकद पूर्ववत केली आहे' या ओळीत पूर्ववत म्हणजे किती ते यादीत नसतं, माझ्या डोक्यात असतं. हा तुमच्या चाळीस पानांमागच्या दाराचाच प्रकार झाला की नाही? मान्य, यात कोणी रडत नाही किंवा कोणाचं लग्न मोडत नाही.

मॅन्युअलवाला काका, शेवटून वाचायची आयडिया आजच वापरली. आमचं कपडे धुवायचं मशिन शेवटी शेवटी थडथडतं, तर तक्त्यात 'मशिन हलते' या ओळीसमोर पाय समतल करा असं लिहिलेलं होतं. केले. थडथड गेली नाही पण कमी झाली.

सहा_ठिपके दादा, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिनं कपाटातली सगळी औषधाची खोकी काढून बोटं फिरवून बघितली. एकावर होते ठिपके.

शंकासुर, पाट्या वाचत जाणारा वाचकच. तुम्ही नाही वाचत?

तळटीप :

"कशामुळे काय झालं?" हा प्रश्न बरोबर आहे आणि संशोधकांनाही तो पडलेला आहे. कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मधे नेमकं हेच मांडलं होतं, ज्याला येतं तो जास्त वाचतो, त्यामुळे त्याला अजून येतं, ज्याला जमत नाही तो टाळतो आणि अजून मागे पडतो. दोन्ही दिशांनी चालतं ते. पण त्यातून माझा मुद्दा मोडत नाही, चक्रात शिरायचं कुठून एवढाच प्रश्न उरतो. कोणी पुस्तकातून शिरेल, तू बाटलीतून शिरलीस असं धरू.

अपडेटच्या यादीचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. विचार करतो. खरं म्हणजे एखादी यादी पाठव, वर्गात वापरतो.

मधली_ओळ :

सबटायटल्सबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते, मी ते करते. दोन ओळींच्या वर जायचं नाही, एका ओळीत साधारण ४२ अक्षरं, आणि पात्र भराभर बोलत असेल तर त्याचं निम्मं बोलणं आम्ही गाळतो कारण तेवढ्या वेळात वाचून होत नाही. त्यामुळे सबटायटल वाचणारा प्रेक्षक कायम थोडा वेगळा सिनेमा बघत असतो. निम्मं_पान, काय लिहिलेलं नाही ते बघायची तुला आवड आहे म्हणून सांगते, जी भाषा थोडीफार येते तिच्यातला सिनेमा सबटायटल लावून बघ. शिव्या कुठे जातात ते शोध. आम्ही त्यांचं फार सौम्य काहीतरी करतो, कधी जागा नसते म्हणून, कधी वरून सांगितलेलं असतं म्हणून.

शंकासुर :

पाट्या वाचतो, अर्थात वाचतो. मुद्दा असा होता की... जाऊ दे. हरलो नाहीये, दमलोय.

तक्त्याचं काय ठरलं?

निम्मं_पान :

तक्ता भरला. दोन पुस्तकं लिहिली, तिसऱ्या ओळीत औषधाची चिठ्ठी लिहिली, लेखक 'नाव दिलेले नाही', पृष्ठसंख्या १ (दोन्ही बाजूंनी), आवडलेल्या विचाराच्या जागी आजीचा प्रश्न. बाईंनी त्याच्याभोवती गोल काढलाय आणि पुढे काहीच लिहिलं नाहीये. चांगला गोल का वाईट गोल ते कळायला मार्ग नाही.

रच्याकने, पुस्तकांची माहिती भरताना आयएसबीएनचे (पुस्तकाचा ओळख क्रमांक) १३ आकडे लिहीत होते तर कळलं की त्यातला शेवटचा आकडा नुसता तपासणीसाठी असतो. पहिला आकडा तसाच घ्यायचा, दुसऱ्याला ३ नं गुणायचं, तिसरा तसाच, चौथ्याला ३ नं, असं शेवटपर्यंत, आणि सगळ्यांची बेरीज १० नं भागली गेली पाहिजे. नाही गेली तर कुठेतरी आकडा चुकलाय. पुस्तकाच्या मागच्या बारकोडखाली हाच नंबर असतो आणि बाकी वस्तूंच्या १३ आकडी बारकोडलाही हीच रीत चालते. घरातल्या झाडून सगळ्या वस्तू तपासून झाल्या. एक पळवाट पण सापडली, शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले आणि त्यांच्यात ५ चा फरक असला, म्हणजे १ आणि ६ किंवा २ आणि ७, तर बेरीज बरोबर २० एवढा फरक पडेल किंवा १० एवढा, म्हणजे भागाकार जातोच आणि चूक पकडली जात नाही.

मॅन्युअलवाला :

१०च फरक पडतो गं. ३ पटीतून १ पट गेली, दोन उरली, ५ चे दुप्पट १०. पण पळवाट बरोबर आहे.

शंकासुर :

थांबा थांबा, मी एका छोट्या पाकिटावर करून बघितलं, ८ आकडी बारकोड आहे, बेरीज येत नाहीये. पाकीट खोटं का तुमचा नियम खोटा?

निम्मं_पान :

दोन्ही खरे :) हो काका, १०च.

शंकासुर, आकडे कमी असले की डावीकडून मोजून चालत नाही, उजवीकडून मोजा. शेवटचा तसाच, त्याच्या आधीचा ३ नं, त्याच्या आधीचा तसाच. ८ आकडे असले की मग पहिल्याच आकड्याला ३ नं गुणावं लागतं. परत करून सांगा.